पाणी १.३३ च असतं

सई बारावीला आहे. बारावीच्या मुलीच्या घरात बापाला दोनच कामं असतात. क्लासची फी भरायची आणि टीव्हीचा आवाज कमी ठेवायचा. दोन्ही मी वर्षभर चोख करत होतो. त्यामुळे जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री जेवताना तिनं "बाबा, तुला फिजिक्स होतं ना रे?" असं विचारलं तेव्हा मी बेसावध होतो. "होतं की!" म्हणून गेलो. आमटीचा भुरका मारताना माणूस काय काय कबूल करून बसतो.

प्रोजेक्ट होता द्रवांचा अपवर्तनांक काढण्याचा. घरात सापडतील ते पाच द्रव घ्यायचे, प्रत्येकात प्रकाश किती वाकतो ते मोजायचं, तक्ता करायचा आणि सोमवारी शाळेत द्यायचा. सीबीएसईच्या प्रॅक्टिकलच्या ३० गुणांत प्रोजेक्टला गुण ३.

"सांगितलं कधी होतं?"

"जुलैत."

"मग जुलैपासून..."

"बाबा, प्लीज."

ज्यांचं फिजिक्स माझ्यासारखंच आमटीत बुडालंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रकाश हवेतून पाण्यात शिरला की मंदावतो, आणि तिरका शिरला तर वाकतो. हवेतल्या वेगाला पाण्यातल्या वेगानं भागलं की येतो तो अपवर्तनांक. पाण्याचा १.३३, ग्लिसरिनचा १.४७, हिऱ्याचा २.४२. याच भानगडीमुळे वरून बघणाऱ्याला चार फूट पाणी तीन फूट दिसतं. हे मी पुस्तकात वाचायच्या आधीच, सातवीत असताना, कराडला कृष्णेत नाकातोंडात पाणी जाऊन शिकलो. कमरेइतकं आहे असं बघून उतरलो होतो, छातीच्या वर आलं. काठावर आलो तेव्हा काकानं जे दोन धपाटे घातले त्यांचा वेग मात्र हवेत अजिबात मंदावला नव्हता.

प्रयोग कागदावर फार गोंडस आहे. सपाट आरसा जमिनीवर आडवा ठेवायचा. त्यावर बहिर्गोल भिंग. वर स्टँडला एक आडवी सुई. वरून एका डोळ्यानं बघितलं की सुई दिसते आणि तिची उलटी प्रतिमाही दिसते. सुई वरखाली करत करत अशी उंची गाठायची की सुईचं टोक आणि प्रतिमेचं टोक एकमेकांना चिकटलेलं दिसेल, आणि आपण मान डावीउजवीकडे हलवली तरी ती दोन टोकं एकमेकांना सोडणार नाहीत. सुटली तर पॅरॅलॅक्स आहे, म्हणजे उंची चुकली. नाही सुटली तर ती उंची म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे समांतर किरण भिंग जिथे एकत्र आणतं तिथपर्यंतचं अंतर. मग भिंग उचलून आरशावर द्रवाचे चार थेंब टाकायचे, भिंग परत ठेवायचं. द्रव भिंगाच्या पोटाखाली पसरतो आणि त्याचंच एक उलट्या स्वभावाचं भिंग तयार होतं. भिंग प्रकाश गोळा करतं, हे खालचं बेणं तो पसरवतं. मग सुई आणखी वर न्यावी लागते. किती वर, त्यावरून अपवर्तनांक.

शाळेनं दिलं होतं फक्त भिंग. ते वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं, आणि तुकड्यावर स्केचपेननं '२० सेंमी' लिहिलेलं. त्याच्या पृष्ठभागाची वक्रता त्रिज्या (तो पृष्ठभाग ज्या गोलाचा तुकडा असेल त्या गोलाची त्रिज्या) सईनं शाळेतच स्फेरोमीटरनं मोजून आणली होती, तीही २० सेंमी. बाकीचं सामान घरातून. सुई म्हणून माझ्या आईची स्वेटर विणायची सुई. ती धरायला कपडे वाळत घालायचा चिमटा. आरसा म्हणून माझा दाढीचा आरसा, त्याच्या कड्यातून काढून. आणि स्टँड? सईनं घरभर नजर फिरवली आणि ती देवघरावर थांबली.

"समईला हात लावायचा नाही," आई आतूनच म्हणाली. तिला भिंतीपलीकडचंही दिसतं. तिथं कुठला अपवर्तनांक लागतो कुणास ठाऊक.

तासाभराच्या बोलाचालीनंतर समई मिळाली. अट एकच : उद्या हळदीकुंकू आहे, चारच्या आत समई देवाजवळ परत पाहिजे, चिमटा न लावलेली.

तर मी हॉलमध्ये जमिनीवर गुडघे टेकून, समईवरून ओणवा होऊन, एक डोळा मिटून विणायच्या सुईकडे बघू लागलो. इथे माझी चाळिशी आडवी आली. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून जवळचं, आणि मधून, दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे, 'सगळं'. मान हलवली की सुई गप्पिष्ट बाईच्या कानातल्या झुमक्यासारखी झुलायची. चष्मा काढला तर सुईच नाहीशी व्हायची, प्रतिमा तर पुढची गोष्ट. शेवटी सई वाकून बघणार आणि मी पट्टी धरून उंची मोजणार अशी कामाची वाटणी झाली. तरी अधूनमधून मी खात्री करून घ्यायला डोकावायचोच. बाप आहे.

भिंग नुसतं असताना सुईची उंची आली १६ सेंमी.

"बाबा, कागदावर वीस लिहिलंय."

"जुना कागद असेल," मी म्हटलं. कागद जुना झाला की भिंगाचं नाभीय अंतर कमी होतं, असा काहीतरी सिद्धांत त्या क्षणी मला मान्य होता.

मग पाणी. मी बाटलीतून थेंब टाकेपर्यंत बायकोनं मधेच येऊन आरसा उचलला, "किती डाग आहेत यावर," म्हणत पदरानं पुसला आणि ठेवून गेली. पाणी घातलं, भिंग ठेवलं. सुई वर चढली ती थेट ३० सेंमीवर. सईनं गणित मांडलं. उत्तर आलं १.५८.

माझ्या चष्म्याचं भिंग पॉलिकार्बोनेटचं आहे. त्याचा अपवर्तनांक १.५८ च्या आसपास असतो. म्हणजे आमच्या सोसायटीच्या नळाला चष्मे येत होते. टँकरवाल्याशी भांडायला हे कारण नवीन होतं, पण रात्री अकरा वाजता उपयोगाचं नव्हतं.

कारण सापडायला बारा वाजले. दाढीचा आरसा दोन बाजूंचा होता. एक बाजू सपाट, दुसरी चेहरा मोठा दाखवणारी, म्हणजे अंतर्गोल. पहिलं मोजमाप आम्ही अंतर्गोल बाजूवर घेतलं होतं. बायकोनं पुसून ठेवताना तो उलटा ठेवला होता. गेली नऊ वर्षं मी या आरशात रोज सकाळी बघतोय आणि दोन बाजूंतला फरक मला एवढाच माहीत होता की एका बाजूला पांढरे केस जास्त दिसतात.

झोपताना मला १९९६ चा फेब्रुवारी आठवत राहिला. बारावीची प्रॅक्टिकल. तालुक्याच्या गावातलं ज्युनिअर कॉलेज, पंखे बंद (पंख्याच्या वाऱ्यानं टाचणी हलते म्हणून), आणि टेबलावरच्या चिठ्ठ्या उचलायच्या. माझ्या चिठ्ठीत हाच प्रयोग निघाला. मी वर्षभरात तो एकदाही केला नव्हता. जर्नलमध्ये होता, सुवाच्य अक्षरात होता, पण तो मागच्या वर्षीच्या एका मुलाच्या जर्नलमधून आला होता आणि त्याच्याकडे त्याच्याही आधीच्या वर्षातून. आमच्या कॉलेजातल्या पाण्याचं ते मोजमाप नक्की कोणत्या साली कुणी घेतलं होतं हे इतिहाससंशोधनाचं काम आहे.

पण आमच्या लॅबला मामा होते. लॅबचे मामा म्हणजे ज्यांना पगार शिपायाचा आणि ज्ञान विभागप्रमुखाचं. ते टेबलावर बीकर ठेवायच्या निमित्तानं आले आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "हे भिंग विसाचं हाय. पानी घातलं की तीस." आणि गेले. मला आणखी काय पाहिजे होतं? उत्तर १.३३ यायचं हे ठाऊक. भिंग २० चं, पाण्यासह ३० चं हेही ठाऊक. टाचणीकडे बघण्याची गरजच उरली नाही. तरी एक खबरदारी घेतली. तिन्ही रीडिंग सारखी आली तर सरांना संशय येईल, म्हणून ३०.१, २९.९ आणि ३०.० अशी लिहिली. वीसचंही तसंच, जरा इकडे जरा तिकडे. आमच्याकडे याला रीडिंग 'बसवणं' म्हणत. लग्नाचा हॉल ठरलेला असतो, पंगती बसवायच्या असतात, त्यातलं.

उरलेला वेळ मी आजूबाजूला बघत काढला. पंधरावीस मुलंमुली टाचण्यांवर वाकून, एक डोळा मिटून, एकसारखी नकारार्थी माना हलवत होती. एखाद्या गावानं धरणाच्या विरोधात ठराव करावा तसं ते दृश्य होतं. मीही मधून मधून मान हलवत होतो, वेगळं दिसू नये म्हणून.

एक्स्टर्नल सर बाहेरगावचे. नुकतेच बटाटेवडे खाऊन आले होते आणि मूड चांगला होता. माझा कागद बघितला. पुन्हा बघितला. चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"उत्तर किती आलं रे तुझं?"

"वन पॉइंट थ्री थ्री, सर."

"ते खाली लिहिलंयस. पण तुझ्या रीडिंगवरून किती येतंय?"

मी दोन्ही रकान्यांची अदलाबदल केली होती. पाण्याशिवाय ३०, पाण्यासह २०. सरांनी तिथेच पेन्सिलनं गणित केलं. ०.६७.

"म्हणजे पोकळीत प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, आणि या बीकरमध्ये साडेचार लाख." ते बीकरकडे आदरानं बघत म्हणाले. "कुठलं पाणी हे?"

"कॉलेजच्या विहिरीचं, सर."

मागे मामांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मला ३० पैकी २१ मिळाले. विहिरीला काहीच मिळालं नाही.

पुढे मी कॉमर्सकडे वळलो. आता सहकारी पतसंस्थांची हिशेबतपासणी करतो. वीस वर्षं मी लोकांची बसवलेली रीडिंग पकडतो आहे. गंमत अशी की, चोर कधी गबाळ्या हिशेबात सापडत नाही. पेट्रोलची पावती ४९८, पुढची ५०३, त्यापुढची ५०१ अशी आली की आम्ही पेन खाली ठेवतो. खरं पेट्रोल इतकं शहाण्यासारखं जळत नाही. अशा पावत्या बघितल्या की मला ३०.१, २९.९ आणि ३०.० आठवतात, आणि मी समोरच्या मॅनेजरकडे जरा मायेनं बघतो.

रविवारी सकाळी सईनं नवा आरसा पैदा केला. यंदा बायकोनं हळदीकुंकवाला वाण म्हणून हातात मावतील असे छोटे आरसे आणले होते, चाळीस. त्यातला एक. "एकोणचाळीसच बायका येतील," असं सईनं तिच्या आईला सांगितलं, जणू तेही मोजूनच आली होती. या आरशावर नुसत्या भिंगाचं रीडिंग आलं २०.०. आम्ही दोघांनी एकमेकांना टाळी दिली. वर्तमानपत्राच्या त्या तुकड्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मग पाणी. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. आई पुतणीच्या बाळाच्या बोरन्हाणासाठी काटेरी हलवा करत होती. मंद आचेवर परात, परातीत तीळ, त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं. पुन्हा चमचाभर. दिवस जातो यात. पाकाला आधी दूध घालून मळी काढलेली, त्यामुळे तो काचेसारखा स्वच्छ. झाला का ते बघायला आई थेंब अंगठ्यावर घेते, तर्जनी टेकवते आणि बोटं दूर करते. एक तार आली की एकतारी. तिला पट्टी लागत नाही, पॅरॅलॅक्स लागत नाही, आणि डोळा मिटावा लागत नाही. सई तिच्या मागून हात घालून ओट्यावरचं पाण्याचं फुलपात्र घेऊन आली.

थेंब टाकले. भिंग ठेवलं. सुई वर गेली. ३१.२. परत. ३१.४. परत. ३१.३.

"एक पॉइंट छत्तीस," सई म्हणाली.

"चूक आहे."

"तीनदा घेतलंय, बाबा."

"मग तीनदा चुकलंय. पाणी १.३३ च असतं. सुई तीसवर यायला पाहिजे. समईला ते कंगोरे आहेत ना, तिथे चिमटा अडकतो. तीस लिही."

"तीसवर प्रतिमा सुटते. तू बघ."

मी बघितलं. खरोखर सुटत होती. मान उजवीकडे नेली की सुई एकीकडे आणि प्रतिमा दुसरीकडे, लग्नानंतरच्या दोन भावांसारखी. "मग तीस पॉइंट एक लिही," मी म्हटलं. तडजोड हा सहकाराचा पाया आहे.

"मी जे दिसतंय ते लिहिणार."

हे ती कुणाकडून शिकली मला माहीत नाही. आमच्या घराण्यात नाही.

तिनं ते लिहिलंही. पेन्सिलनं. मग ती प्रोजेक्टची प्रस्तावना लिहायला बसली आणि मी बापाच्या नात्यानं ती तपासायला बसलो. त्यात इतिहास होता. वाकण्याचा हा नियम ज्याच्या नावानं शिकवतात त्या डच स्नेलनं तो १६२१ मध्ये शोधला आणि हयातीत छापलाच नाही. त्याच्याही सहाशे वर्षं आधी, ९८४ मध्ये, बगदादच्या इब्न सहल या गणितीनं तो लिहून ठेवला होता. आणि त्याच्याही खूप आधी, दुसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियात टॉलेमीनं प्रकाश हवेतून पाण्यात जाताना किती वाकतो याचं कोष्टकच केलं होतं. सईनं ते कोष्टक उतरवलं होतं. हवेतला कोन १० अंश तर पाण्यातला ८. २० ला साडेपंधरा. ३० ला साडेबावीस. मग २९, ३५, साडेचाळीस, साडेपंचेचाळीस, आणि ८० ला ५०.

माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. सवय. मी शेजारी फरक मांडले. साडेसात, सात, साडेसहा, सहा, साडेपाच, पाच, साडेचार. दर वेळी बरोबर अर्धा अंश कमी. एकदाही पाव इकडे नाही, पाव तिकडे नाही.

"सई!" मी ओरडलो. "हा माणूस बसवतोय!"

"कोण?"

"टॉलेमी! अगं, हे व्हाउचर आहे व्हाउचर! मोजलेले आकडे असे असतात का कधी?"

मग आम्ही खऱ्या नियमानं ताळा केला. ५० आणि ६० अंशांचे त्याचे आकडे आजच्या हिशेबानंही बरोबर आहेत. म्हणजे मधलं त्यानं खरंच मोजलं असावं. पण १० ला साडेसात यायला पाहिजे तिथे ८, आणि ८० ला साडेसत्तेचाळीसच्या आसपास यायला पाहिजे तिथे ५०. टोकं ढकलली होती, रांग सरळ दिसावी म्हणून. अठराशे वर्षांहून जास्त काळ झाला, पण मला ती अलेक्झांड्रियातली दुपार डोळ्यांसमोर दिसली. पंखा नाही. सोमवारी सबमिशन. आणि मागे कुणीतरी मामा.

"बघ," मी सईला म्हटलं, "एवढा मोठा माणूस, त्यानंही..."

"म्हणून त्याला नियम सापडला नाही, बाबा."

मी उठलो आणि तेल आणायला गेलो.

शेंगदाण्याच्या तेलाच्या चार थेंबांसाठी आईनं वाटीभर तेल दिलं आणि "नंतर फोडणीला चालेल ना?" असं तीनदा विचारून घेतलं. त्याचा आला १.४७. मेडिकलमधून आणलेल्या ग्लिसरिनचाही तेवढाच. प्रकाशाला दोन्ही सारखीच, दर मात्र बघा. मिठाचं पाणी बिनतक्रार झालं. रडवलं ते खोबरेलानं. पुण्याच्या जानेवारीत खोबरेलाची बाटली म्हणजे पांढरा दगड. २४ अंशांच्या खाली ते गोठतंच. बाटली गरम पाण्यात उभी करून पातळ केली, थेंब टाकले, भिंग ठेवलं, सुई लावली, सईनं डोळा मिटला आणि म्हणाली, "गेलं." आरसा थंडगार, त्यावर तेल परत थिजून दुधासारखं झालेलं. मग आरसा उन्हात. मग बाटली गरम पाण्यात. मग आरसा परत उन्हातून आत धावत. चौथ्या खेपेला उत्तर मिळालं, १.४५, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली.

चार वाजले होते.

दार बायकोनं उघडलं. बाहेर बी विंगमधल्या सहासात जणी, काळ्या साड्या, हातात पर्सा. आत, दारासमोरच, मी. गुडघ्यांवर, समईवर ओणवा, हाताला खोबरेल, शेवटचं रीडिंग खात्री करून घेत असलेला. मी आवाजाच्या दिशेनं मान वर केली. मिटलेला डोळा उघडायचं सुचलंच नाही. आणि दिवसभराच्या सवयीनं मान डावीउजवीकडे हलत राहिली.

काही क्षण कुणी बोललं नाही.

"भाऊजी नको म्हणतायत की काय आम्हाला?" त्यांच्यातल्या सगळ्यात धीट वहिनींनी विचारलं.

"नाही नाही," मी म्हटलं. मान हलवतच.

"डोळ्याला काय झालं?"

"पॅरॅलॅक्स," मी सांगितलं.

"अगंबाई! कधीपासून?"

बायकोनं मला अशा नजरेनं बघितलं की ती मी घरभर कुठूनही ओळखली असती, कुठल्याही द्रवातून. आईनं समईवरचा चिमटा काढला, सुई काढली, वात लावली. समई देवाजवळ गेली. पुढचे दोन तास मी बेडरूममध्ये बंद होतो. बाहेरून उखाणे, हसणं आणि मधूनमधून 'पॅरॅलॅक्स' हा शब्द ऐकू येत होता. आरसे एकोणचाळीसच होते आणि बायका चाळीस आल्या. चाळीसाव्या बाईंना काय दिलं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. दाढीचा आरसा मात्र तेव्हापासून दिसत नाही.

रात्री साडेबाराला मला जाग आली. पाण्याचा १.३६ डोक्यात होता. तक्त्यात पहिलीच ओळ पाण्याची. तपासणाऱ्या बाईंना जगातला एकच अपवर्तनांक तोंडपाठ असेल तर तो पाण्याचा. तेलाचा काही लिहा, कोण विचारतंय? पण पाणी! पहिल्याच व्हाउचरला चूक सापडली की ऑडिटर सगळी फाइल उघडतो, हे मला कळतं, पोरीला कसं कळणार? मी हळूच उठलो. सईच्या कंपासपेटीतून खोडरबर घेतला. तिची वही हॉलमध्ये आरशाशेजारीच होती. तीन आकडे फक्त. ३१.२ चे ३०.१, ३१.४ चे २९.९. तिसरा काय करायचा हे मला १९९६ पासून पाठ होतं.

दिवा लावला.

आरशावर मुंग्या होत्या. बारीक, लाल. भिंगाच्या कडेनं त्यांनी गोल केला होता, मंगळागौरीच्या खेळासारखा. एक रांग आरशाच्या काठावरून उतरून फरशीवरून ओट्याकडे चालली होती. तेलाच्या वाटीकडे एकही नाही. मिठाच्या पाण्याकडे एकही नाही. सगळ्या त्या फुलपात्रावर, ज्यातलं पाणी सईनं पहिल्यांदा घेतलं होतं.

"काय शोधतोयस रे अंधारात?" मागे आई. ती पाणी प्यायला उठली होती. तिनं माझ्या हातातल्या खोडरबराकडे बघितलं, मग मुंग्यांकडे, मग फुलपात्राकडे. "हे इथं कुणी आणलं? मी दिवसभर शोधतेय."

"पाणी आहे ना हे?"

"पाणी कसलं? पाकाचं पातेलं विसळून ठेवलं होतं. कडेला एवढी साखर धरली होती, टाकून देऊ? चहाला ठेवलेलं."

मी बोट बुडवून चाटलं. गोड. चांगलंच गोड.

आवाजानं सई उठून आली. तिनं मुंग्या बघितल्या, आजीचं ऐकलं आणि लगेच फोन काढला. १.३६ म्हणजे साखरेचं प्रमाण साधारण सतराअठरा टक्के. आमच्याकडे उसाच्या फडात कारखान्याचा माणूस यायचा, रसाचा थेंब एका छोट्या नळीवर टाकायचा, नळी उजेडाकडे धरायचा आणि डोळा लावून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी, सांगायचा. तोही याच वाकण्याचा आकडा. आईनं आयुष्यभर ऊस बघितलाय.

"सतराअठरा ब्रिक्स?" ती म्हणाली. "मग तोडणीला आलंच की."

सकाळी सईनं नळाचं पाणी घेतलं, माझ्या देखत पेला दोनदा विसळून. तक्त्यात सहावी ओळ वाढली : 'आजीचं पातेलं विसळलेलं पाणी, १.३६'. शेऱ्याच्या रकान्यात तिनं मुंग्याही लिहिल्या. मग पाण्याची ओळ. सुई ३०.१ वर थांबली. गणित केलं.

"एक पॉइंट चौतीस."

आम्ही दोघं गप्प. चहा आला होता. आईनं आज साखर विकतची घातली होती आणि ते ती दोनदा बोलूनही दाखवत होती.

"सई," मी अगदी सहज म्हटलं, "शेवटचा एकच आकडा आहे. चारचा तीन. कुणाला..."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पेन्सिल कंपासपेटीत ठेवली आणि पेन काढलं.